जावेची सुई

गोळ्या! आता तुमीच बघा मावशी, ही पुडी बघा, गोळ्या दिल्या मला डाक्टरनं... साखऱ्याहून पयल्या यष्टीनं उभ्यानं आले, हात हा असा टम्म, पऱ्हाटीत बाभळीचा काटा घुसला तो सुजून राहिला, रातभर ठणकते, डोळ्याला डोळा न्हाई, आन् डाक्टर हात दाबून म्हंते, 'रुक्माबाई, तुमचं गोळ्यांवर भागेल.' भागंल? कोणाचं भागंल? आन् आमची जाऊ चांगुणा, ती काय येगळा काटा घेऊन आली का? तीच बाभळ, त्याच बांधावरची! आन् तिला म्हंते, 'चांगुणाबाई, तुम्हाला सुई द्यावी लागेल, आतल्या खाटेवर जाऊन थांबा.' तिला सुई, मला गोळ्या! मला काई हेवा न्हाई बरं का. मी आपली हाय ते सांगते.

सरका जरा, टेकू द्या. आत जिवनबाई नर्सनं सुया उकळायला ठेवल्यात, तिचं पाणी काई लवकर उकळत न्हाई, तवर सांगते तुमाला. ह्या दवाखान्याचा कोपरा अन् कोपरा मला ठाव हाय. ह्याच पोळ्याला आमी इथं पडून होतो की! आमी म्हंजे आमचे मालक. नाव मी घ्यायची न्हाई, गाव त्यांला नरसिंग म्हंते. आन् त्यांचा चुलतभाऊ जळबा, म्हंजे ह्या चांगुणाचा नवरा, तोबी इथंच, पल्याडच्या खाटंवर.

काहून म्हंता? मान, दुसरं काय! आमच्या गावात पोळ्याला मारुतीपुढं तोरण बांधतेत. त्या तोरणाखालून पयली बैलजोडी कोणाची जायची, तो मान. तो मान आमचा. जळबा भावजी म्हंते, मान आमचा. आज्जा एकच हो दोघांचा! वाटण्या झाल्या तवा रान वाटलं, बैलं वाटले, भांडेकुंडे वाटले, फुटका रांजणसुदिक वाटला, आन् मान तेवढा वाटायचा राहून गेला. दरसाली तोंडातोंडी व्हायची. यंदा दोघंबी एकदमच घुसले. तोरण केवढं? एका जोडीपुरतं! हलग्या वाजून राहिल्या, पोरं शिट्ट्या मारून राहिले, झुलीत झूल अडकली, बैलं बिथरले, आन् जळबाच्या बैलानं आमच्या मालकाच्या मांडीत शिंग घातलं, आन् आमच्या बैलानं जळबाच्या मांडीत. मांडीबी एकच, डावी! बैलांनी काई दुजाभाव केला न्हाई. आन् मान? दगडोबा सुताराचं एक खोंड, ते हलगीला भिऊन दावं तोडून पळालं, ते गेलं तोरणाखालून पयलं. यंदाचा मान सुताराच्या खोंडाचा! गाव हसून हसून लोळलं.

बरं, जखम झाली तर सरळ दवाखान्यात जावं का न्हाई? न्हाई! कुरुंद्याची हळद भरली, चुना भरला, कोणी सांगितलं ते भरलं. मांडी फुगून पखालीवानी. थंडी वाजून ताप. पुसेगावच्या डाक्टरनं पेन्सिलीन टोचलं, त्याला पू दाद देईना. मंग एके दिवशी पहाटं मालक उठून बसले आन् म्हंतेत, 'गाडी जुप. जळबाबी आज हिंगोलीला जाणार हाय म्हंतेत. त्याच्या आधी पोचलो पाहिजे.' म्हणलं, पाय सडून राहिला तुमचा, आन् दवाखान्यातबी पयला नंबर पाहिजे? 'पाहिजे,' म्हंतेत. 'तिथंबी मान आपलाच.'

पोचलो आमी पयले. पयले पोचलो म्हून खिडकीची खाट मिळाली. डाक्टरनं जखम उघडली, पू काढला, आन् तोंड असं बारीक केलं. मला बाजूला घेऊन म्हंते, 'बाई, नव्या जातीच्या सुया चालू करतो. पण पू आटला नाही, ताप हटला नाही, तर औरंगाबादला न्यावं लागेल. तिथं पाय ठेवतील का काढतील, ते मी सांगू शकत नाही.' माय वं! लंगडा नवरा काय, मी संभाळीन हो, पाठीवर घेऊन हिंडीन. पर ह्या माणसाला पुढल्या पोळ्याला बाजंवर बसून जळबाचे बैल तोरणाखालून जाताना बघावे लागले, तर हा त्याच दिवशी मरंल. हे काई मी इनोदानं बोलत न्हाई. तवा लई रडले मी. ह्याच बाकड्यावर.

सुई चालू झाली. बाटलीत पांढरी भुकटी, तिच्यात पाणी सोडायचं, हलवायचं, आन् कुल्ल्यात टोचायचं. दिवसातून चारदा. आन् झोंबायची कशी म्हंता? पयली सुई दिली तवा मालक असे वरडले, असे वरडले, 'आईऽऽऽ मेलोऽऽ,' की बाहेर टांग्याचं घोडं उधळलं! टांगेवाला आत येऊन बघून गेला. आन् सुई झाली की शेक. वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची, शेकत बसायचं. चारदा सुई म्हंजे चारदा शेक. हात भाजून निघाले माझे.

पर मालकाला त्याचाबी तोरा! संध्याकाळच्याला जळबा भावजी आले. तवर हिंगोलीच्या दवादुकानातल्या आमच्या जातीच्या सुया आमच्याच मालकासाठी उचलून झालेल्या. डाक्टरनं नांदेडच्या यष्टीवाल्याकडं निरोप धाडला, तिकडून त्याच घराण्यातली पर दुसरीच सुई आली. ती दिवसातून दोनदाच. मालक म्हंतेत, 'बघितलंस का रुक्मे? मला चारदा, त्याला दोनदा! डाक्टरालाबी कळते मान कोणाचा.'

मंग जळबाची सुई झाली. आमी कान टवकारून बसलेलो, आता वरडंल, मंग वरडंल... जिवनबाई आली, 'पालथं व्हा' म्हणली, टोचली, गेली. आन् जळबा? आय न्हाई, ऊय न्हाई! कूस पलटली आन् घोरायला लागला! मालकाचं तोंड बघायचं होतं तुमी. निम्मी भाकर ताटातच राहिली.

त्या दिवसापून माणसाला झोपंत चैन न्हाई. 'त्याला दुखत काहून न्हाई? त्याला दोनदाच काहून? त्याची नवी, माझी जुनी? मी पयला आलो, मला जुनी?' आन् मी? मला काई हेवा न्हाई हो. पर तुमीच इचार करा. मी इकडं चारदा विटा तापवून राहिले, धुरानं डोळे चुरचुरून राहिले, आन् चांगुणा पल्याड पाय पसरून बसलेली! शेकच लागत न्हाई तर करणार काय? फणी घेऊन केस इंचरते, मोसंबी सोलते, आन् वरून मला म्हंते, 'अक्का, तुमाला लई तकलीफ हो.' असं गोड म्हंते! वीट डोक्यात घालावी असं गोड.

शेवटाला मी डाक्टरला धरलं. म्हणलं, 'खरं सांगा, चांगली सुई कोणती? आमची का त्यांची?' डाक्टर भला माणूस, खुर्चीवर बसवून समजावून सांगितलं. म्हंते, 'हे बघा बाई, दोन्ही एकाच घराण्यातल्या. तुमची थोरली, आधी निघालेली. तिचा जोर लवकर ओसरतो, लघवीवाटे निघून जाते, म्हणून चारदा द्यावी लागते. आणि टोचली की झोंबते. त्यांची धाकटी, मागून निघालेली. ती रक्तात जास्त वेळ टिकते, म्हणून दोनदा पुरते, आणि दुखतही कमी. या जखमेला काम दोघींचं सारखंच.'

थांबा, थांबा... नीट ऐकलं का तुमी? थोरली चारदा राबते. धाकटी दोनदा येते. काम म्हणे दोघींचं सारखंच. आन् झोंबते कोण? थोरली! मी म्हणलं, 'डाक्टर, ह्या सुया न्हाईत हो, ह्या जावा हायेत!' डाक्टर हसला. मला काई हसू आलं न्हाई. अहो, माझा सगळा जलम त्या दोन बाटल्यांत भरून ठेवलेला! कुळात लगीन निघू द्या, बारसं निघू द्या, पहाटंपून चुलीपुढं कोण? रुक्मा. शंभर माणसाचं पीठ मळणार कोण? रुक्मा. आन् चांगुणा येणार पंगत बसताना, कोरं लुगडं नेसून, कढईत वरून चिमूटभर कोथमीर टाकणार, आन् पंगतीत म्हंतेत काय? 'काय भाजी झाली हो, चांगुणाबाईच्या हाताची!' कोथमीर तिची, भाजी तिची! मी काई बोलले की म्हंतेत, रुक्माबाईची जीभ लई झोंबते. झोंबंल न्हाई तर काय! चारदा राबणाऱ्याची झोंबतेच. मला काई हेवा न्हाई. हाय ते सांगते.

आन् गाव! आमच्यात माणूस दवाखान्यात पडलं की गावातून भेटायला जावंच लागते, न्हाई गेलं तर वैर. यष्टी भरभरून माणसं. दोन खाटंच्या मधी उभं राहायचे, इकडं एक बिस्कुटाचा पुडा, तिकडं एक, आन् दोन्हीकडं बघून निवाडा करायचे. आमची एक म्हातारी हाय मंजुळाबाई, ती आली, तवाच मालकाला सुई देऊन राहिले होते, मालक वरडले. तर ती म्हातारी काय म्हंते? 'व्हय बापा, ही खरी दवा! आग झाली म्हंजे आत काम करून राहिली.' आन् तशीच वळली जळबाकडं. 'तुला काई होत न्हाई रे टोचल्यावर?' भावजी म्हंते, 'काईच न्हाई, मुंगी चावल्यावानी.' म्हातारीनं हनुवटीला हात लावला. 'बया! मंग पाणी टोचून राहिले तुला, लेकरा. जी सुई आग करत न्हाई, ती सुई कसली?'

झालं! आलेला जो तो तेच म्हणू लागला. नरसिंगाला कडक दवा, जळबाला पाणी. जळबाची झोप उडाली. चांगुणाची फणी थांबली. कोपऱ्यात तोंड करून रडली हो ती, 'आमी मागून आलो म्हून आमाला पाणी टोचतेत' म्हून. तवा मला बरं वाटलं. देवाशप्पत सांगते, लई बरं वाटलं. हेवा न्हाई, पर बरं वाटलं त्याला मी काय करू?

पर ते बरं वाटणं काई टिकलं न्हाई. कारण ताप! ताप दोघांचाबी हटंना. डाक्टर सकाळी येऊन हात लावायचा, 'हं' म्हणायचा, आन् त्या 'हं' मधी मला औरंगाबाद दिसायचं. आता माझ्या जिवाची दशा बघा. मालक म्हंतेत, त्याची दवा चांगली म्हून मला दिली न्हाई. गाव म्हंते, आमची चांगली. डाक्टर म्हंते, सारखीच. माणसानं कोणाचं ऐकावं? पाय तर एकच हाय!

तर एक दिवस दिवेलागणीला मी चहाची किटली घेऊन आले, आन् दारातच थबकले. आत बोलणं चालू. पोळ्यापून ह्या दोघांचं बोलणं बंद, आन् आत दोघंच! मालक भिंतीकडं बघत म्हंतेत, 'खिडकीतून वारं लई येऊन राहिलंय.' जरा वेळानं जळबा आढ्याकडं बघत म्हंते, 'इकडं दारापाशी लई उकडून राहिलंय.' मंग मालक म्हंतेत, 'कोणाला वारं पाहिजे असंल तर... माझं काई म्हणणं न्हाई.' आन् जळबा म्हंते, 'तसं असंल तर बघा बरं, दादा.'

दादा! पोळ्यापून पयल्यांदा दादा म्हणला हो. माझे डोळेच भरले. आन् मंग उठले दोघं. डावा पाय दोघांचाबी कामातून गेलेला. एकमेकाच्या खांद्याला धरलं, मालक ह्या खाटंवरून त्या खाटंवर, जळबा त्या खाटंवरून ह्या खाटंवर, दोघांचे मिळून दोन पाय, आन् लंगडी घालून राहिले! आन् तोंडावर दोघांच्या काय आनंद... दोघांनाबी वाटून राहिलं, मी ह्याला गंडवलं!

आता तुमी म्हणताल, नर्सला कळलं काहून न्हाई? अहो, ती जिवनबाई! पदर नाकापर्यंत, नजर भुईला. परक्या बाप्याच्या तोंडाकडं काहून बघावं, म्हंते. आन् ती सवय अशी पडली की आता बायांच्या तोंडाकडंबी बघत न्हाई. खाट बघायची, खाटंवरच्या कोनाड्यातली बाटली घ्यायची, 'पालथं व्हा', टोचली, चालली. आन् भाऊ भाऊ, एकच अंगकाठी, एकच काळं कुळकुळीत बूड. पालथं पडल्यावर सगळे सारखेच!

मी वरडायला पाहिजे होतं. व्हय, पाहिजे होतं. पर मनात म्हणलं, धाकटीच्या हाताला यश असंल तर येऊ दे, पाय वाचू दे माझ्या माणसाचा. कोथमिरीचं नाव झालं तर झालं. मागं वळून बघते तर चांगुणा, पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तिनंबी सगळं बघितलेलं. ती माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं बघते. आन् दोघी तशाच दारातून मागं सरकलो. जलमात पयल्यांदा आमचं एक झालं असंल.

सुई झाली. मालक दात आवळून, उशी धरून तयार... आन् काईच न्हाई! मुंगी! तोंड असं पडलं त्यांचं, म्हंतेत, 'संपलं?' आन् खिडकीच्या खाटंवरून जळबा, 'आईऽऽऽ आग लागलीऽऽ मेलोऽऽ' आन् मधीच हसायला लागला. 'दादा, लागली! खरी दवा लागली!' बाहेर ते टांग्याचं घोडं परत उधळलं.

आन् दुसऱ्या दिवशी सकाळी, माय, ताप उतरलेला. कोणाचा? दोघांचा! डाक्टर खिडकीच्या खाटंपाशी गेला, 'काय नरसिंगराव' म्हणला, बघते तर जळबा! असा भडकला, असा भडकला... 'एकाच घराण्यातली औषधं होती म्हणून निभावलं! दुसरं काही असतं तर खाटेवरून उठला नसता! हा दवाखाना आहे का पोळ्याचं मैदान?' जिवनबाईलाबी बोलला, बिचारी पदर अजूनच खाली ओढून उभी. मंग जखमा बघितल्या. पू आटत चाललेला. म्हंते, 'आता असंच चालू द्या, पण हलाल तर बघा.' पाय वाचला हो माझ्या माणसाचा. त्या दिवशी मी वीट तापवली ती जळबा भावजीसाठी. सवयीनं.

दोघं बरे होऊन एकाच गाडीत घरला आले. आन् गाव टपून बसलेलं, 'मंग? कोणती सुई चांगली निघाली?' आता काय सांगणार? मालकानं म्हणावं, माझी चांगली, तर ती निम्मी जळबानं खाल्लेली. जळबानं म्हणावं, माझी चांगली, तर तिच्यानं मालकाचा ताप उतरलेला! पारावर लोकं भांडून भांडून दमले, निकाल काई लागंना. आन् ह्या दोघांना सांगायला काई राहिलं न्हाई म्हून दोघं एक झाले. आता एका घोंगडीवर बसून 'आमच्या सुया, आमच्या सुया' करतेत. पुढल्या साली म्हणे तोरण रुंद बांधायचं. दोन जोड्यांचं!

भावांचं मिटलं. जावांचं काय? थोरली का धाकटी, ते काई कोणी इचारलं का? डाक्टर म्हणला, काम सारखंच. सारखंच हाय तर मंग एकाच बाभळीच्या काट्याला तिला सुई आन् मला गोळ्या काहून? म्हंते, तिचं आत पिकलंय. माझं काई पिकायचं राहिलंय का? घरी गेल्यावर काय व्हईल? सगळं गाव तिच्याकडं, 'चांगुणाबाईला सुई दिली हो, लई मोठं दुखणं!' आन् मी विटा तापवायला. मला काई हेवा न्हाई...

ते बघा, आली बाहेर. काय गं चांगुणा, झाली का? न्हाई? पाणीच उकळलं न्हाई अजून? ...चहा पिऊन येते म्हंते, समोरून. जा, जा, सावकाश पी. बुडवून बिस्कुटबी खा. मी हाय इथं.

गेली. आता आतली खाट रिकामी. कोनाड्यात तिची बाटली. आन् तो ऐका, आधणाचा खळखळ आवाज येऊन राहिला... मावशी, एवढी पुडी धरा. ती आली तर तिला द्या, म्हणावं थोरलीनं दिल्या, गोळ्या हायेत, काम सारखंच. मला काई हेवा न्हाई हो, पर काय करता... थोरली असो का धाकटी, पालथं पडल्यावर सगळ्या सारख्याच.